सेल्फचा दोष किती?

थंडी पडली की नगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या टेम्पोवाल्यांना सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारा स्टार्टर, आठवतो. पारा दहाच्या खाली गेलेल्या सकाळी डिझेल इंजिन नुसते कण्हते, चावी मारून मारून बॅटरी बसते, मग चौघे मिळून धक्का. संध्याकाळी गॅरेजात मागणी एकच: ‘जरा दणकट सेल्फ टाका.’ गॅरेजवालाही टाकतो. त्याचा धंदाच आहे तो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेवर इंधन पेटते. इंजिन सावकाश फिरले तर हवा रिंगांतून निसटते, उष्णता सिलिंडरच्या गार भिंती खातात आणि धुरापलीकडे काही होत नाही. गारठ्यात ऑइल घट्ट होते, म्हणून इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. नेमकी तेव्हाच बॅटरी मंदावते. शून्य अंशाच्या आसपास तिची ताकद साधारण एक तृतीयांशाने घटते. नगरला तेवढी थंडी पडत नाही, पण तीन वर्षे वापरलेल्या बॅटरीला आठ अंशही पुरतात. अशा बॅटरीवर मोठा सेल्फ चढवला की तो जास्त अँपिअर ओढतो, व्होल्टेज आणखी कोसळते आणि नवा सेल्फही जुन्यासारखाच कण्हतो.

१९१२ साली कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आला, तोही एकटा आला नव्हता. चार्ल्स केटरिंगने बॅटरी, जनरेटर आणि स्टार्टर यांचा मेळ घालून एकच व्यवस्था उभी केली होती. आपण मात्र त्यातला एकच भाग बदलतो.

सेल्फ खरोखर बदलायचाच असेल तर किलोवॅटच्या आकड्याला भुलू नये. गिअर रिडक्शनचा घ्यावा. त्यातली मोटर लहान असते, पिनियनच्या एका फेऱ्यामागे तीन-चार फेरे घेते आणि कमी विजेत जास्त जोर देते. पिनियनचे दात फ्लायव्हीलच्या रिंगशी जुळले पाहिजेत, हे सांगायला नकोच. तरी न जुळणारे बसवलेले दिसतात. पुष्कळदा तर कार्बन आणि बुश बदलले तरी भागते. बुश झिजला की आर्मेचर आतल्या पोलला घासते, आणि सेल्फ ‘जड’ झाल्याचा निकाल लागतो.

याच नगरमध्ये लष्कराच्या रणगाडा दलाचे आर्मर्ड कोअर सेंटर आहे. टी-७२ रणगाड्यात विजेखेरीज दाबून भरलेल्या हवेनेही इंजिन फिरवण्याची सोय असते, कारण गारठ्यात एकट्या बॅटरीवर विसंबणे सैन्याला परवडत नाही. टेम्पोवाल्याला हवेचे सिलिंडर नकोत. त्याला हवे ते बॅटरीच्या तारांची टोके म्हणजे लग स्वच्छ घासलेले, अर्थिंगची जाड तार, चालू स्थितीतले हीटर प्लग, आणि कंपनीने चालते म्हटले असेल तर हिवाळ्यात पातळ ऑइल.

जुना सेल्फ उतरवण्याआधी गॅरेजवाल्याने मीटर लावावा. बारा व्होल्टची बॅटरी सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर आधी तीच तपासायची. तारेतच अर्ध्या व्होल्टहून जास्त पडत असेल तर दोष तारेचा किंवा लगचा. टेम्पोवाल्याने हे दोन आकडे बिलावर लिहून मागावेत. नुसते ‘सेल्फ बदलला’ एवढेच लिहिलेल्या बिलाचे पैसे देण्याची घाई करू नये.