झूम फिरवा, दिवे पळवा!

बालमित्रांनो, दिवाळीच्या फोटोंमध्ये एखादा तरी फोटो हमखास असा निघतो, की आकाशकंदिलाच्या जागी नुसता उजेडाचा फराटा! "अरेरे, हात हलला," असं म्हणून आपण तो पुसून टाकतो. आज मात्र आपण मुद्दाम हललेला फोटो काढणार आहोत. पण हात हलवायचा नाही हं, हलवायचं ते झूम! मधोमध कंदील अगदी स्पष्ट आणि भोवतालचे सगळे दिवे रेघा होऊन चारी दिशांना उधळलेले. या करामतीला म्हणतात 'झूम ब्लर'.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. फोटो म्हणजे एक क्षण, असं आपण म्हणतो. खरं तर शटर जितका वेळ उघडं असतं, तितक्या वेळात आत आलेला सगळा उजेड फोटोत साठतो. १८३८ साली दागेर नावाच्या फ्रेंच माणसानं पॅरिसमधल्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. त्या काळी एका फोटोला काही मिनिटं लागत. रस्त्यावर माणसं होती, घोडागाड्या होत्या. पण फोटोत रस्ता रिकामा! दिसतो तो फक्त एक माणूस, बूट पॉलिश करून घेणारा. का बरं? कारण तो एका जागी थांबला होता. जो थांबला तो उमटला, जो चालत राहिला तो पुसला गेला. आपली करामत याच नियमावर चालते.

आता एक रबरबँड कापा आणि त्याची पट्टी करा. बरोबर मध्ये शाईचा एक ठिपका द्या. त्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक सेंटिमीटरवर आणि तीन-तीन सेंटिमीटरवर आणखी ठिपके द्या. दोन्ही टोकं सारखी ताणा. मधला ठिपका जागचा हलत नाही. पट्टी दुप्पट लांब झाली, की एक सेंटिमीटरवरचा ठिपका दोनवर जातो, म्हणजे एकच सेंटिमीटर सरकतो. तीनवरचा मात्र सहावर जातो, म्हणजे तब्बल तीन सेंटिमीटर! झूम केल्यावर चित्राचं नेमकं असंच होतं. म्हणून मधला दिवा ठिपकाच राहतो आणि कडेच्या दिव्यांच्या रेघा सर्वांत लांब येतात.

यासाठी 'ब्रिज कॅमेरा' उपयोगी पडतो. ब्रिज म्हणजे पूल. खिशात मावणारा छोटा कॅमेरा आणि लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, या दोघांच्या मधला हा पूल. याची लेन्स काढता येत नाही, पण झूम भरपूर असतं. मात्र इथे एक गोम आहे. बऱ्याच ब्रिज कॅमेऱ्यांचं झूम मोटारीवर चालतं आणि शटर उघडं असताना ही मोटार हलतच नाही. काही कॅमेऱ्यांचं झूम मात्र लेन्सभोवतीचं कडं हातानं फिरवून होतं. उदाहरणार्थ, २०१० साली आलेला फुजीफिल्मचा फाइनपिक्स एचएस१०. त्याचं झूम ३० पट होतं. घरच्या कपाटात असा जुना कॅमेरा पडून असेल, तर आई-बाबांना विचारून बाहेर काढा. एक सेकंदाचा फोटो लावून मधेच झूम फिरवून बघा. रेघा आल्या, की समजा आपलं काम झालं!

आता कृती.

१. वेळ संध्याकाळची निवडा. भर उन्हात आयएसओ १०० आणि छिद्र एफ/८ असेल, तर शटर साधारण १/४०० सेकंद उघडं राहिलं तरी पुरतं. तिथे एक सेकंद ठेवलं तर चारशे पट उजेड आत शिरेल आणि फोटो पांढराफटक होईल.

२. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवा. ट्रायपॉड नसेल तर भक्कम टेबल आणि खाली जाड पुस्तक चालेल. हात हलला तर रेघा सरळ न येता वाकड्यातिकड्या येतात.

३. वरची चकती 'एस'वर आणा. काही कॅमेऱ्यांवर तिथे 'टीव्ही' असं लिहिलेलं असतं. शटर एक सेकंद ठेवा, आयएसओ १००. फ्लॅश बंद.

४. जे स्पष्ट दिसायला हवं ते बरोबर मध्यभागी घ्या. कंदील घेणार असाल तर वारा पडलेला असू द्या. झोके घेणारा कंदील आपलं ऐकत नाही!

५. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबण्याचा धक्का बसणार नाही. बटण दाबून हात हळूच कड्यावर ठेवा. शटर उघडलं, की मनात 'एक' म्हणेपर्यंत थांबा आणि मग उरलेल्या वेळात कडं एकसारख्या गतीनं फिरवा.

तो सुरुवातीचा थांबाच महत्त्वाचा. तेवढ्या वेळात कंदील नीट उमटतो, दागेरच्या त्या माणसासारखा. कड्यावर आकडे असतील तर ३५ वरून ७० वर गेलात तरी पुरे. ३० पट झूम आहे म्हणून सगळं फिरवू नका, नाहीतर फोटोत नुसता गोंधळ उरेल.

वर्गात असा फोटो दाखवला, तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, आमचा हललेला फोटो वाईट आणि हा हललेला चांगला, असं कसं?" प्रश्न अगदी रास्त आहे. मी तिला म्हटलं, हाच फोटो पुन्हा काढून दाखवता येतो का ते बघ. अपघातानं हललेला फोटो पुन्हा तसाच येत नाही. इथे मात्र काय थांबवायचं आणि काय पळवायचं, हे काढणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. म्हणून एक वही ठेवा. प्रत्येक फोटोसाठी शटर किती, थांबलो किती, झूम कुठून कुठे, हे लिहून ठेवा. पहिले दहा फोटो फसतील. अकराव्याला ती वहीच मदत करील.

मोटारीचं झूम असेल तर? हिरमुसू नका. कॅमेरा न हलवता, झूम थोडंथोडं वाढवत आठ-दहा फोटो काढा. मग ताई-दादाच्या मदतीनं संगणकावर 'गिंप' या मोफत प्रोग्रॅममध्ये ते एकावर एक ठेवून 'लायटन ओन्ली' हा पर्याय निवडा. प्रत्येक ठिकाणचा जास्त उजळ ठिपका तेवढा राहतो आणि दिव्यांच्या मण्यांच्या माळा तयार होतात! संगणक एकाच साध्या फोटोवरूनही अशा रेघा काढून देतो. त्यात गैर काही नाही. पण शाळेच्या प्रदर्शनात फोटो लावाल तेव्हा खाली खरं ते लिहा: 'कॅमेऱ्यात केलेला' की 'संगणकावर केलेला'. ज्यानं दहा संध्याकाळी कडं फिरवलं, त्याच्या कष्टांची कदर राहायला हवी ना?

त्रिपुरी पौर्णिमेला देवळापुढची दीपमाळ उजळते. एकावर एक दिव्यांच्या रांगा! याहून छान विषय कुठे मिळणार? मोठ्या माणसाला बरोबर घ्या, कॅमेरा गर्दीपासून आणि पणत्यांपासून लांब ठेवा. आणि एक ताकीद: झूम लावून सूर्याकडे कधीही कॅमेरा रोखू नका.

आता तुम्हाला एक काम. दीपमाळेचा एक फोटो झूम आत नेत काढा, दुसरा झूम बाहेर आणत. दोन्हींत दीपमाळेचा आकार आणि रेघांची टोकं नीट पाहा. फरक काय दिसतो आणि तो का, ते वहीत लिहा. पुढच्या आठवड्यात भेटूच!