वकिलाचा हलगर्जीपणा आणि भाडेकरूचे छप्पर

काशीत पेशव्यांनी बांधलेल्या बालाजी घाटामागील गल्ल्यांतून मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. अशा वस्तीतील भाडेकरूवर घर खाली करण्याचा दावा लागला, की त्याचे भवितव्य वरुणेपलीकडील कचेरीतल्या वकिलाच्या हाती जाते. तेथे तो हरला, तर दोष कायद्याचा, न्यायाधीशाचा की वकिलाचा, हे त्याला उमगत नाही. वकिलाला ते बहुधा उमगलेले असते.

दावा हरणे म्हणजे वकिलाने तो बिघडवणे नव्हे. पुरावा लंगडा असेल तर निष्णात वकीलही हरतो. हलगर्जीपणा ओळखावयाचा तो तारखांवरून. उत्तर प्रदेशाचा 1972 चा भाडेकायदा 2021 साली गेला. त्याच्या कलम 20(4) प्रमाणे थकलेले भाडे, त्यावर 9 टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च पहिल्या सुनावणीलाच बिनशर्त भरला, तर थकबाकीपायी घर सोडावे लागण्यातून न्यायालय भाडेकरूची सुटका करू शकत असे. ही एक गोष्ट ज्या वकिलाने वेळेवर सांगितली नाही, त्याने अशिलाचे घरच घालवले. कैफियत मुदतीत दाखल न होणे, एकतर्फी हुकूमनाम्याची वार्ता बेलीफ दारात आल्यावर कळणे, निकालाची नक्कल मागूनही हाती न पडणे, ही त्याच जातीची लक्षणे होत. अशा हुकूमनाम्याविरुद्ध अर्जाला सामान्यतः 30 दिवसांची मुदत असते. ‘पुढची तारीख पडली’ एवढ्या उत्तरावर ते दिवस निघून जातात.

न्यायालये अशा पक्षकाराला वाऱ्यावर सोडतातच असे नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयात वकील गैरहजर राहिल्याने फेटाळलेले रफीक यांचे अपील सर्वोच्च न्यायालयाने 1981 साली पुन्हा उभे केले आणि 200 रुपये खर्च त्या गैरहजर वकिलाकडून वसूल करण्यास सांगितले. परंतु 1993 साली सलील दत्त प्रकरणात त्याच न्यायालयाने बजावले, की वकिलावर खापर फोडून पक्षकाराला दरवेळी सुटता येणार नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्या प्रकरणाचा 16 अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक मागून घ्यावा. त्यावरून पुढची तारीख आणि झालेले आदेश स्वतःला पाहता येतात. ज्याला ते जमत नाही, त्याच्यासाठी शाखेतील एखाद्या साथीने ते पाहावे. वकील बदलताना थकलेल्या फीपायी कागद अडवून धरता येत नाहीत, हेही 2000 सालीच ठरलेले आहे.

14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा उरतो. म्हणजे एका वकिलाने बुडवलेल्याने दुसऱ्या वकिलाची फी भरावयाची! गैरवर्तनाची तक्रार 1961 च्या कायद्याखाली राज्याच्या बार कौन्सिलकडे करावी लागते, आणि ती तपासणारेही वकीलच. एक वर्षात ती निकालात निघाली नाही, तर प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे जाते. तक्रारीसोबत वकीलपत्राची प्रत, फीच्या पावत्या आणि तारखांची नोंद जोडावी. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना नव्या वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य अर्ज करता येतो.