धुराची गाडी नको, टाकीला झाकण हवे

मा. महापालिका आयुक्त, नगरपालिकांचे मुख्याधिकारी आणि गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष व सचिव यांना,



मृगाच्या सरी आल्या की घराघरांतल्या तक्रारी ठरलेल्या असतात. मोरीतून झुरळे वर येतात, तळमजल्यावर गोम निघते, पहिल्या पावसाच्या संध्याकाळी दिव्याभोवती वाळवीची पाखरे जमतात आणि सकाळी फरशीवर पंखांचा सडा पडलेला असतो. रव्यात, तांदळात किडे होतात ते वेगळेच. यातले बरेचसे आम्ही घरच्या घरी निस्तरतो. वापरात नसलेल्या मोरीत अधूनमधून तांब्याभर पाणी ओततो, कारण जाळीखालच्या ट्रॅपमधले पाणी आटले की झुरळांना गटारातून थेट घरात वाट मिळते. बोरिक पावडर, कणीक आणि साखर मळून केलेल्या गोळ्या लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा सांदीकोपऱ्यांत ठेवतो. एवढ्यासाठी आपल्याला पत्र लिहिले नसते.

लिहिते आहे ते डास आणि उंदरांबद्दल. या दोघांपायी दर पावसाळ्यात माणसे मरतात, आणि या दोघांचा बंदोबस्त एकट्या घराच्या हातात नाही.

डासांची ओरड वाढली की आपण धुराची गाडी पाठवता. गाडी आली की लोक पटापट खिडक्या लावून घेतात, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास तर घराच्या आत, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांच्या आडोशाला बसलेला असतो. धूर लागला तर उडता डास मरतो. पाण्यातल्या अळीला आणि कोषाला त्याने काहीही होत नाही, त्यामुळे दोन-तीन दिवसांत डासांची नवी पिढी हजर होते. डेंग्यूचा रुग्ण सापडला की त्याच्या घरात आणि आसपास तातडीने फवारणी, धुरळणी करावी, त्याला माझा विरोध नाही. पण धूर म्हणजेच डासनिर्मूलन असा लोकांचा समज झाला आहे. तो आपण होऊ दिला आहे, आणि नगरसेवकांनी गल्लोगल्ली धूर मागून तो पक्का केला आहे.

डास कुठे होतात हे पाहायचे असेल तर झाकण तुटलेल्या एखाद्या गच्चीवरच्या टाकीत बॅटरीचा उजेड टाका. पाण्याच्या पृष्ठभागालगत बारीक काड्यांसारखे काहीतरी दिसते. उजेड पडताच त्या काड्या वळवळत खाली जातात आणि थोड्या वेळाने श्वास घ्यायला पुन्हा वर येतात. डोके खाली करून तिरकी लटकलेली अळी एडिसची किंवा क्यूलेक्सची असते; पाण्याला समांतर, आडवी पडलेली अळी मलेरियाच्या अ‍ॅनोफिलीसची. अंड्यापासून डास व्हायला पावसाळी हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे आपण सांगता ते याच हिशेबाने, आणि ते बरोबरच आहे. मात्र पाणी ओतून देणे पुरत नाही हे आपली पत्रके पुरेसे ठळक सांगत नाहीत. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते. ती सुकलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागले की फुटतात. म्हणून पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे हे सगळे घासूनच काढावे लागते.

एडिस डास फार लांब उडत नाही, बहुधा दोनशे मीटरच्या आतच राहतो. म्हणजे सोसायटीत चावणारा डास बहुतेक वेळा सोसायटीच्याच आवारात किंवा शेजारच्या बांधकामावर जन्मलेला असतो. अध्यक्ष-सचिवांनो, छपरावर ताणलेल्या निळ्या प्लास्टिकच्या झोळात, लिफ्टच्या खड्ड्यात, गच्चीवर टाकून दिलेल्या कमोडमध्ये, पाण्याच्या मीटरच्या खड्ड्यात काय साठले आहे ते पाहणे हे आपले काम आहे. टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाला बारीक जाळी बसवायला फार खर्च येत नाही. टाकीवर चढायला शिडीच नसेल तर पालिकेचा कर्मचारी तपासणार तरी काय?

आयुक्त महोदय, हे ज्ञान नवीन नाही. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादला दिसला. मुंबईतल्या मलेरियाची चौकशी करून डॉ. बेंटली यांनी १९११ मध्ये अहवाल दिला आणि उघड्या विहिरी व टाक्यांकडे बोट दाखवले. त्यानंतर शहरातल्या कितीतरी विहिरी बुजवल्या, झाकल्या गेल्या. धार्मिक भावना आड आल्या, वाद झाले, तरी त्या वेळच्या पालिकेने हे काम रेटले. आज तेवढा नेट लावायला हवा.

तो लावताना एक अन्याय मात्र थांबवा. जिथे दिवसाआड पाणी येते तिथली बाई पिंपे भरून ठेवणारच. तिला पाणी साठवू नका असे सांगून दंडाची नोटीस देणे मला मुळीच पटत नाही. तिला घट्ट बसणारे झाकण द्या, नाहीतर रोज पाणी द्या. नोटिसा द्यायच्याच असतील तर आधी बांधकामांवर, जप्त वाहनांच्या ढिगांवर आणि शासकीय इमारतींच्या गच्च्यांवर बजावा.

उंदरांचेही तसेच. १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, त्या साथीपासून उंदीर आणि मुंबईचे आरोग्य यांचा संबंध या शहराला ठाऊक आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोने, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसने, माणसे दगावली. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून जाताना पायाच्या जखमेतून, अगदी टाचेच्या भेगेतूनसुद्धा, हा जंतू शिरतो. मारलेल्या उंदरांचे आकडे त्यावर उत्तर नाहीत. दोन इमारतींमधल्या हाऊसगल्लीत खिडकीतून पडणारे खरकटे आणि कडेला रात्रभर उघडा राहणारा कचरा थांबत नाही तोवर मारलेल्या उंदरांची जागा नवे उंदीर घेतात. मादी तीनेक आठवड्यांत विते. अर्ध्या इंचाच्या फटीतून उंदीर आत येतो, म्हणून नळ आणि केबल जिथून भिंतीत शिरतात ती भोके लोखंडी जाळी आणि सिमेंटने बुजवायला हवीत. संध्याकाळचा कचरा त्याच रात्री उचलला जायला हवा.

जिथे पाणी तुंबते तिथल्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आणि डॉक्सिसायक्लीन हजर हवे. पाण्यातून चालत गेलेल्या माणसाला डॉक्टरांच्या सल्ल्याने हे औषध पहिल्या तीन दिवसांत मिळाले तर उपयोग. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी वेगळे औषध असते, तेही तिथेच सांगितले जावे.

आपल्या कीटकनाशक विभागाची माणसे पाठीवर पंप घेऊन पावसात जिने चढतात आणि पुष्कळ घरांत त्यांना दारातूनच परत पाठवतात. त्यांना ओळखपत्र द्या, रेनकोट द्या, सोसायटीने त्यांच्याबरोबर एक माणूस द्यावा.

१६ मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिवस. पुढच्या वर्षी त्या दिवशी फलक लावण्याऐवजी प्रत्येक विभाग कार्यालयाबाहेर एक यादी लावा: किती टाक्या तपासल्या, किती उघड्या सापडल्या, त्यांतल्या सरकारी किती. यंदाचा पाऊस तर सुरू झाला आहे. म्हणून संस्थांच्या सचिवांना विनंती, येत्या रविवारी बॅटरी घेऊन गच्चीवर जा आणि टाकीचे झाकण त्याच आठवड्यात बसवून घ्या.

कळावे,
आपली
एक रहिवासी