रंग देण्याआधी घरात विचारा

एअर पिस्टलची पांढरी मूठ लाल करायची असो की बाइकचा एखादा फिका पार्ट निळा, आपण थेट स्प्रे पेंट आणतो. मग हाताच्या घामाने आणि घासण्याने त्याचे पापुद्रे निघतात. त्यापेक्षा रंग आत मुरवणं चांगलं. पण तो कशात मुरतो? पार्टच्या आतल्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. 'पीए' म्हणजे नायलॉन. व्हिनेगर घातलेल्या कडक गरम पाण्यात ते लोकर-रेशमाचा ॲसिड डाय छान पकडतं. 'पीपी' असेल, तर रंग पाण्यातच राहतो. शिवाय फिक्यावर गडद चढतो, काळ्याचं लाल होत नाही. पातेलं जुनं घ्या, ते पुन्हा स्वयंपाकाला नको.

पण एवढ्यासाठी यूट्यूबच कशाला? वाळूजला १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे, भोवती सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या आहेत. बजाजनगरात मोल्डिंगवर शिफ्ट करणारे बाबा, काका, ताई गल्लोगल्ली भेटतील. दाण्यात मास्टरबॅच मिसळून रंग आतूनच कसा येतो, नायलॉन नीट वाळवलं नाही तर पार्टवर चंदेरी चट्टे का पडतात, हे त्यांना पाठ असतं. पुस्तकात आलं की हेच 'पॉलिमर सायन्स', बाबांनी सांगितलं की नुसतं 'कंपनीतलं काम'. हा भेदभाव आपणच करतो, आणि त्यात नुकसानही आपलंच आहे. तेव्हा रंगाची पुडी आणण्याआधी तो पार्ट शिफ्टवरून आलेल्या माणसाच्या हातात द्या. आधी चहा द्या, मग विचारा.