दवाखान्याची पाटी



अंगात ताप भरला, लेकरू रात्रभर रडले, म्हातारीचा दम वाढला, की आपले पाऊल प्रथम वस्तीतल्या दवाखान्याकडे वळते. ज्याच्या हाती आपण आपली नाडी देतो, तो गृहस्थ कोणास जबाबदार आहे, हा प्रश्न आपण त्यास किंवा स्वतःस कधी विचारला आहे काय? बहुधा नाही. पैसे मोजूनही आपण त्या दारात उपकार मागणाऱ्यासारखे उभे राहतो. ही सवय कोठून आली, हे आपणांस निराळे सांगावयास नको.

परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या 'वेटिंग फॉर ए व्हिसा' या आठवणींत काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत नमूद केली आहे. 1929 साली ती 'यंग इंडिया'त छापून आली होती. त्याची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येईना. पुष्कळ विनवण्यांनंतर रोग्यास वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर तो आला. त्याने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याच्या हाती दिले आणि नवऱ्याने बायकोला लावले. परत आले तेही त्याच वाटेने. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्युमोनिया ठरविला, औषध धाडले, आणि दोन रुपये फी मिळूनही पुन्हा पाहावयास तो आला नाही. ती माउली गेली.

असा डॉक्टर आज निघाला तर त्यास कोणता कायदा गाठील? 1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने, ज्यास 1976 पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक इस्पितळात वा दवाखान्यात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरविला. पीडित मनुष्य अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेपोटीच झाले असे न्यायालयाने गृहीत धरावे, असेही त्यात आहे. परंतु 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास आपण धम्म स्वीकारला, आणि केंद्राच्या यादीतून आपले नाव गळाले. ते परत आले 1990 साली. मधल्या चौतीस वर्षांत या गृहीतकाचा आधार धर्मांतरित बौद्धास नव्हता. गावाने आपली जात विसरली नाही. विसरला तो फक्त कायदा! आज मात्र तसे नाही. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 26 जानेवारी 2016 पासून इस्पितळ, दवाखाना व प्राथमिक आरोग्य केंद्र यांत शिरण्यास अडथळा करणे हा स्पष्ट शब्दांत गुन्हा आहे, आणि त्याचे संरक्षण बौद्धांसही आहे. जातीचा दाखला नीट ठेवा, तो केवळ नोकरीसाठी नसतो.

तथापि, आजचा अन्याय क्वचितच इतका उघडा असतो. सुई टोचली जाते, कशाची ते सांगितले जात नाही. पैसे घेतले जातात, पावती नाही. येथे जातीचा कायदा पोहोचत नाही, आणि दवाखान्याचा कायदा शोधू लागावे तर तोही अर्धाच सापडतो. मुंबई इलाख्यात 1949 साली शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा झाला. पण तो जेथे रोगी ठेवून घेतले जातात तेथपुरता आहे. एक टेबल, एक पडदा आणि बाहेर बाक, एवढ्यावर चालणारा आपल्या वस्तीतला दवाखाना त्याच्या कक्षेत येत नाही. अशा दवाखान्यांसही लागू होणारा कायदा केंद्राने 2010 साली केला. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. निरीक्षकांचा जाच वाढेल, छोटे दवाखाने बंद पडतील, असे डॉक्टर मंडळी म्हणतात. ही भीती अगदीच खोटी नव्हे, हे आम्ही मान्य करतो. परंतु खाणावळीच्या चुलीला परवाना लागतो आणि सुईला लागू नये, हे आमच्या बुद्धीस पटत नाही.

मग उरते ती डॉक्टरची स्वतःची नोंदणी. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. आयुर्वेद व होमिओपॅथी यांच्या परिषदा निराळ्या. ॲलोपॅथीसाठी 2002 साली झालेले आचारनियम सांगतात, की नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा व प्रत्येक चिठ्ठीवर आणि पावतीवर लिहावा, फीचे दर पाटीवर असावेत, आणि कोणाही रोग्यास मनमानीने परत पाठवू नये. त्याच नियमांतील प्रतिज्ञेत धर्म, राष्ट्रीयत्व, वंश, पक्षीय राजकारण व सामाजिक स्थान यांस कर्तव्याच्या आड येऊ देणार नाही, असे डॉक्टर वदतो. या देशात लिहिलेल्या त्या यादीत 'जात' हा शब्द मात्र नाही! तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत लागावा असाही नियम आहे. पण निकाल देणारे बहुतेक डॉक्टरच. आपल्या बिरादरीचा न्याय आपणच करण्याची चाल किती न्याय देते, हे जातपंचायतींनी आपणांस पुष्कळ शिकविले आहे.

भगवान बुद्धांनी मलमूत्रात पडलेल्या एका रोगी भिक्षूस आनंदासह स्वतः स्नान घातले, ही कथा विनयपिटकात आहे. त्याच ठिकाणी शुश्रूषा करणाऱ्याचे गुण दिले आहेत. त्याने लाभासाठी सेवा करू नये आणि विष्ठेची किळस मानू नये, हे त्यांपैकी दोन. म्हणजे सेवकाची योग्यता ठरविणे हे धम्मास परके नाही.

यास्तव आमची सरकारकडे मागणी आहे, की छोट्या दवाखान्यांची नोंदणी कायद्याने व्हावी, आणि तक्रार ऐकणाऱ्या मंडळावर डॉक्टर नसलेली माणसे, विशेषतः आपल्या वस्त्यांतील स्त्रिया, असाव्यात. तोपर्यंत ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. पैसे घेऊन केलेले वैद्यकीय उपचार ही ग्राहकसेवाच होय, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय 1995 चा आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि तिला कागद लागतो. म्हणून पावती मागा, चिठ्ठी फेकू नका.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा भिंतीवरील क्रमांक उतरवून घ्या. नसेल तर नम्रपणे विचारा. उत्तर मिळाले नाही, तर दवाखान्याचा पत्ता व तारीख लिहून आमच्याकडे पाठवा. अशी पत्रे त्या त्या परिषदेकडे धाडण्याचे व आलेले उत्तर येथे छापण्याचे काम हे पाक्षिक करील.