मुलाखतीस जाण्यापूर्वीं

आमच्या शाळेंतून शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन बाहेर पडलेले विद्यार्थी तीन-चार वर्षांनीं भेटावयास येतात, तेव्हां त्यांच्या बोलण्यांत एक तक्रार वारंवार ऐकूं येते. "सर, लेखी परीक्षेंत मी पहिल्या दहांत होतों, मुलाखतीला मात्र गाडें अडलें." कोणी अभियांत्रिकीची पदविका घेतलेला असतो, कोणी आय. टी. आय. मधून फिटर झालेला, कोणी संगणकाची पदवी मिळविलेला. विद्या निराळी, तक्रार एकच. ह्या तक्रारीचा विचार शाळेच्या वार्षिकांत करणें कांहींसें अकालीं वाटेल. नववींतील मुलास नोकरीची चिंता आतांपासून कशाला, असें पालक म्हणतील. परंतु माझें मत असें आहे कीं, असल्या मुलाखतीची खरी तयारी पदवी हातीं आल्यावर होत नसते. ती ह्याच वयांत, वर्गांतील फळ्याजवळ आणि घरच्या ओटीवर होते किंवा बिघडते.

शिक्षकाचा पेशा पत्करण्यापूर्वीं मीं सहा वर्षें एका कारखान्यांत काढलीं, आणि तेथें उमेदवारांच्या मुलाखती घेणाऱ्या तिघांत माझी नेमणूक होती. त्यांतील एक दिवस अजून मनांत सलतो. मापें तपासणाऱ्याची एक जागा भरावयाची होती. मेजावर एक व्हर्निअर कॅलिपर व पोलादाचा एक लहान दंडगोल ठेवला होता. व्यास मोजून सांगा, एवढाच प्रश्न. पहिला उमेदवार मोठा चटपटीत. लघुत्तम माप म्हणजे काय, ह्याची व्याख्या त्यानें कोणी न विचारतां अस्खलित इंग्रजींत म्हणून दाखविली, दंडगोल जबड्यांत धरला आणि आंकडा सांगितला. दुसरा लातूरकडील एका खेड्यांतला. त्यानें प्रथम दंडगोलास हातही लावला नाहीं. कॅलिपरचे जबडे पुसून पूर्ण मिटविले, खिडकीकडे धरून पाहिले, आणि थांबत थांबत म्हणाला, "साहेब, हें मिटल्यावर शून्य शून्यावर बसत नाहीं. दुसरी रेघ जुळते. लघुत्तम माप ०.०२ मिलिमीटर आहे, म्हणजे हें ०.०४ जास्त दाखवील. तेवढें वजा करावें लागेल." तें उपकरण आम्हीं मुद्दामच सदोष निवडून ठेवलें होतें! परंतु पुढें "हा दोष कशामुळें आला असेल?", "दुसऱ्या कोणत्या रीतीनें ताडून पाहाल?" असे प्रश्न सुरू होतांच तो गडबडला, मान खालीं घालून गप्प बसला आणि पांच मिनिटांत बाहेर गेला. जागा पहिल्यास मिळाली. तीन मतांपैकीं दोन त्याच्या बाजूस पडलीं, आणि त्या दोहोंत एक माझें होतें. "ह्याला बोलतां येतें, मोजावयास आपण शिकवूं," असें मीं त्या वेळीं म्हटलें. मापें तपासण्यासाठीं बोलका मनुष्य कशास हवा होता, हें मला आजही सांगतां येत नाहीं.

तेव्हां मुलाखत हेंही एक मोजमापाचें साधन, आणि त्याचेंही शून्य पुष्कळदां सरकलेलें असतें, हें आधीं कबूल केलें पाहिजे. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनीं २०२० सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकशास्त्राच्या ४८ विद्यार्थ्यांना फळ्यावर एक प्रश्न सोडवावयास दिला; कांहींना एकट्यानें खोलींत, कांहींना परीक्षकासमोर मोठ्यानें बोलत. परीक्षकासमोर उभे राहिलेल्यांचें काम निम्म्याहूनही खालीं घसरलें. त्यांतल्या विद्यार्थिनी संख्येनें थोड्या होत्या. तरीपण एकट्या बसलेल्या सर्वजणींना उत्तर आलें आणि परीक्षकासमोरच्या एकीलाही आलें नाहीं, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. विमानांत गोल्फचे चेंडू किती मावतील, असल्या कूटप्रश्नांची एके काळीं मोठी ख्याती होती; गूगल कंपनीचे मनुष्यबळ-प्रमुख लॅझलो बॉक यांनीं २०१३ सालीं उघडपणें सांगितलें कीं, त्यांतून कांहींएक निष्पन्न होत नाहीं. म्हणून मुलगा मुलाखतींत नापास होऊन घरीं आला असतां जे वडील आठ-आठ दिवस त्याच्याशीं अबोला धरतात, त्यांना माझें हात जोडून सांगणें आहे, कीं आपण सदोष मापावर भरंवसा ठेवीत आहांत.

परंतु दार त्याच किल्लीनें उघडतें, त्याला उपाय काय? बाजारांत मिळणाऱ्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तकांवर बहुतेकांची भिस्त असते. हजार प्रश्न, हजार उत्तरें. आणि परीक्षकानें त्यांतल्याच प्रश्नाचा एक शब्द बदलला कीं पाठांतर लंगडें पडतें. जॉर्ज पोल्या नांवाच्या हंगेरियन गणितज्ञानें १९४५ सालीं प्रश्न कसे सोडवावे ह्या विषयावर एक लहानसें पुस्तक लिहिलें. प्रथम प्रश्न समजून घ्या, मग युक्ति योजा, ती अंमलांत आणा, आणि शेवटीं मागें वळून पाहा, असे चार टप्पे त्यांत सांगितले आहेत. आमचीं मुलें तिसऱ्या टप्प्यांत मोठीं तरबेज. पहिला आणि चौथा त्यांना कोणी शिकवीतच नाहीं.

समजा, परीक्षकानें विचारलें कीं, साठ हजार शब्दांच्या यादींत अमुक शब्द आहे कीं नाहीं हें संगणकाकडून कसें शोधवाल? घाईचा उमेदवार लगेच लिहूं लागतो. जाणता उमेदवार आधीं उलट विचारतो, "यादी वर्णानुक्रमानें लावलेली आहे काय?" नसेल, तर वरपासून एकेक शब्द पाहत जाण्यावांचून गत्यंतर नाहीं, शब्द यादींत नसला तर साठ हजारही पाहावे लागतील. असेल, तर आपण मोल्सवर्थसाहेबांचा शब्दकोश जसा उघडतों तसें करावें: बरोबर मध्यें उघडावा, शब्द मागें आहे कीं पुढें तें पाहून निम्मा कोश सोडून द्यावा, उरलेल्याचा पुन्हां मध्य काढावा. असें केल्यास जास्तींत जास्त सोळा वेळां पाहून निकाल लागतो. साठ हजारांच्या जागीं सोळा! हा एक प्रश्न विचारण्याचें मोल एवढें आहे, आणि तो विचारण्यास पुस्तकी ज्ञानापेक्षां धीटपणाच अधिक लागतो.

मागें वळून पाहण्याचा टप्पा ह्याच उदाहरणांत ध्यानीं येईल. यादी रिकामी असली तर? एकच शब्द असला तर? जोशुआ ब्लॉक ह्या नामांकित संगणकतज्ज्ञानें २००६ सालीं दाखवून दिलें कीं, जावा भाषेच्या संग्रहांत त्यानें स्वतः लिहिलेल्या ह्याच पद्धतींत एक चूक राहून गेली होती. मध्य काढण्यासाठीं दोन टोकांच्या आंकड्यांची बेरीज केली जाई, आणि यादी अतिशय मोठी असल्यास ती बेरीज संगणकाच्या मर्यादेबाहेर जाऊन ऋण होई. ही चूक सुमारें नऊ वर्षें कोणाच्या लक्षांत आली नव्हती. तज्ज्ञाची ही कथा, तर उमेदवाराच्या चुकीनें परीक्षक कशास चकित होईल? तो पाहतो तें हें, कीं चूक दाखविल्यावर हा मनुष्य वाद घालतो, कोसळतो, कीं खडू उचलून पुन्हां पहिल्या ओळीपासून तपासतो.

अर्जाविषयीं थोडें. ज्या गोष्टीवर दोन प्रश्नांपुढें टिकाव धरवत नाहीं, ती अर्जांत लिहूं नये. "आम्हीं हें यंत्र तयार केलें" असें लिहिल्यास "त्यांत तुमच्या हातचें काय?" हा प्रश्न येणारच. अलीकडे दूरस्थ मुलाखतींत पडद्याआडून उत्तरें पुरविणारीं यांत्रिक साधनें निघालीं आहेत. त्यांच्या मोहास बळी पडणारा मनुष्य आपल्या स्वतःच्या उत्तराचें "कां?" सांगतांना उघडा पडतो, आणि न पडला, तर कामावर पहिल्या आठवड्यांत पडतो.

इंग्रजीची भीति मात्र खोटी नाहीं. माझा अनुभव असा, कीं विषयाचे पारिभाषिक शब्द इंग्रजींत पक्के असावे, वाक्यें लहान असावीं, आणि विचार खुशाल मराठींत चालावा. "हें मला ठाऊक नाहीं; परंतु शोधावयाचें झाल्यास मी येथून आरंभ करीन," हें वाक्य कोणत्याही भाषेंत धड म्हणतां आलें तरी पुष्कळ काम होतें. तें म्हणतां येत नाहीं, ह्याचा दोष मुलांना देऊं नका. वर्गांत "येत नाहीं" म्हणणाऱ्यास आम्हीं शिक्षकांनीं उभें केलें, घरीं त्याला शेजारच्या मुलाचे गुण ऐकविले. तेव्हां गप्प बसणें हेंच शहाणपण असें तो शिकला, आणि तेंच घेऊन मुलाखतीच्या खोलींत गेला. तो लातूरकडचा मुलगाही तेंच शिकून आला होता.

पालकांकडून ह्यासाठीं फार मोठी अपेक्षा नाहीं. रोज संध्याकाळीं एक उदाहरण मुलानें किंवा मुलीनें उभें राहून, पायरी-पायरीनें आईस किंवा आजीस समजावून सांगावें. आजीस बीजगणित येण्याचें कारण नाहीं. "हें असें कां रे बाळा?" एवढें तिनें विचारलें म्हणजे भागलें, परीक्षकही याहून फारसें निराळें विचारीत नसतो.

शाळेंत गेल्या वर्षीं नववीच्या वर्गासाठीं शनिवारीं असा एक तास आम्हीं सुरू केला. पहिल्या शनिवारीं फळ्याजवळ कोणी येईना. जो आला तो पाठ केलेलें उत्तर एका दमांत लिहून पळाला. सहाव्या कीं सातव्या शनिवारीं एक विद्यार्थिनी वर्गसमीकरण सोडवितांना मध्येंच थांबली आणि म्हणाली, "सर, दुसऱ्या ओळींत माझें चिन्ह चुकलें आहे. वरून पुन्हां पाहतें." वर्गांत कोणी हंसलें नाहीं. येत्या जूनपासून हा तास आठवी व दहावीसही ठेवण्याचें योजिलें आहे. पालकांपैकीं कोणास येऊन मागच्या बांकावर बसावयाचें असल्यास त्यांनीं अवश्य यावें. मात्र आपल्या पाल्यास उत्तर सुचवूं नये.