चलानावर नाव कोणाचे?

चित्र-शिल्पांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. त्याचे स्वागत आपण सर्वांनी केले. पण अलीकडे कार्यालयात येणाऱ्या पत्रांत दराबद्दल अवाक्षर नाही. तक्रार आहे ती वाहतुकीच्या कागदांची, आणि ती करणारे बहुतेक सगळे स्वतः चित्रकार असून समूहप्रदर्शन क्युरेट करणारे आहेत.

एका जिल्ह्याच्या गावी एका चित्रकाराने ज्येष्ठांची आणि आपल्या पिढीची कामे शेजारी-शेजारी लावायचे ठरवले. मुंबईच्या गॅलऱ्यांकडून, गोव्याहून, बडोद्याहून कामे निघाली. बडोद्याचा टेम्पो भरारी पथकाने अडवला आणि टॅक्स इन्व्हॉइस मागितले. विक्रीच झालेली नाही, तर इन्व्हॉइस आणायचे कुठून? मग चलानावरच्या नावाची विचारपूस. पालिकेच्या कलादालनाने आधीच हात वर केले होते: आम्ही हॉल भाड्याने देतो, माल ताब्यात घेत नाही. म्हणून क्युरेटरने घेणाऱ्याच्या जागी स्वतःचे नाव घातले होते आणि दुसऱ्यांच्या लाखोंच्या कामांची जबाबदारी एकट्याच्या अंगावर घेतली होती. टेम्पो सुटला, पण क्रेट उघडले ते उद्घाटनाच्या दिवशी दुपारी. प्रकाशयोजना झालीच नाही.

21 डिसेंबर 2017 चे केंद्राचे परिपत्रक पथकातल्या अधिकाऱ्यांनी एकदा तरी वाचावे. कलाकाराने गॅलरीकडे पसंतीसाठी पाठवलेले काम हा पुरवठा नव्हे. ते डिलिव्हरी चलानावर, लागेल तिथे ई-वे बिलासह जाईल आणि इन्व्हॉइस प्रत्यक्ष विक्रीच्या वेळी होईल, इतके ते स्वच्छ आहे. आठ वर्षांत ते रस्त्यावर पोहोचू नये, ही चीड आणणारी गोष्ट आहे.

मात्र परिपत्रकातही एक मोठे भोक आहे. त्याला कलाकार आणि गॅलरी हे दोघेच ठाऊक. इतरांची कामे मागून आणणारा, विक्रीत हिस्सा नसलेला चित्रकार त्यात कुठेच नाही. आणि आपल्याकडची किती महत्त्वाची प्रदर्शने कलाकारांनीच उभी केली! 1963 चे ग्रुप 1890, 1981 चे ‘प्लेस फॉर पीपल’. जे.जे.त शिकलेल्या बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू यांनी 2012 साली कोचीची बिनाले सुरू केली, तेव्हापासून तिची प्रत्येक आवृत्ती कलाकारच रचत आला आहे. सुधीर पटवर्धनांनी 2008-09 मध्ये समकालीन चित्रे मुंबई-पुण्यापलीकडच्या शहरांत नेली. तसे फिरते प्रदर्शन आज काढले, तर पसंतीवर पाठवलेल्या कामाला 6 महिन्यांची मुदत आडवी येते. पुढच्या गावी चित्र पोहोचण्याआधीच न झालेल्या विक्रीचे इन्व्हॉइस करायची वेळ येईल.

आता थोडे आपल्याच मंडळींविषयी. क्युरेटरला कामाची मापे व्हॉट्सॲपवर आदल्या रात्री मिळतात. किमतीच्या रकान्यात ‘नंतर कळवतो’. विम्याला एक आकडा, चलानावर दुसरा, कॅटलॉगमध्ये तिसरा; अशा कागदांवर टेम्पो अडला तर दोष पथकाचा कसा? कॅनव्हास ओला, मागे डी-रिंग नाही, कंडिशन रिपोर्टचा पत्ता नाही. हे करणाऱ्यांत नामवंतही आहेत. जो सहकारी स्वतःचे स्टुडिओतले काम बाजूला ठेवून तुमचे चित्र भिंतीवर लावतो, त्याच्याशी असे वागणे अन्यायाचे आहे.

विक्रीची कामे आणि केवळ प्रदर्शनासाठी आलेली कामे यांची चलाने वेगळी करा. परराज्यातून येणाऱ्या कामांना 50 हजारांची ई-वे मर्यादा आहे, राज्यांतर्गत 1 लाखाची. ती पाहूनच खेप बांधा. परिपत्रकात ‘कलाकार-आयोजक’ आणि बिगर-व्यापारी कलादालन यांचा समावेश व्हावा, फिरत्या प्रदर्शनांना 6 महिन्यांच्या अटीतून सूट मिळावी, असे निवेदन आम्ही जीएसटी परिषदेकडे पाठवत आहोत. अडवणुकीचे कागद, तारखा आणि चलानाच्या प्रती महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा. नुसत्या तोंडी तक्रारींवर निवेदन उभे राहणार नाही.